बरणी उघडायची नाही

जळगाव जामोद, २ मार्च १९६३
अंगणातल्या वेलाची द्राक्षं उतरवली. वेल बायकोने, रुख्मिणीने लावलेला. ती जाऊन वर्ष झालं, आणि फळ यंदा पहिल्यांदाच धरलं. ठरवलं: द्राक्षासव करायचं आणि खामगावच्या प्रदर्शनात औषधी विभागात पहिला नंबर आणायचा. लेबलवर नाव तिचं. दारूबंदी असली तरी आसव हे औषध. कृती वाचली. अवघड नाही.

३ मार्च
द्राक्षं, गूळ आणि आंबवण्यासाठी धायटीची फुलं बरणीत भरली. तोंड फडक्याने बांधून वर माती लिंपली. नियम एकच: महिनाभर बरणी उघडायची नाही. मॅट्रिक झालेल्या माणसाला एवढं जमायला हरकत नाही.

५ मार्च
उघडली. फक्त इन्स्पेक्शन. आत छान बुडबुड चालू. परत लिंपली.

८ मार्च
खरी करामत आपल्या जमिनीची. वेलाच्या बुडाची माती जिभेवर ठेवून पाहिली. किंचित आंबूस. फर्स्टक्लास. शेजारचे गुलाबराव कुंपणावरून पाहत होते. म्हणाले, आंबट काऊन नाही लागणार बे, वहिनी ताकाची भांडी तिथंच तं विसळत. गुलाबरावांना जमिनीतलं कळत नाही.

९ मार्च
उघडली. लिंपण नीट बसलं नसावं अशी शंका आली. बसलं होतं.

१४ मार्च, संध्याकाळ
थोरली बहीण चांगुणाबाई सध्या माझ्याकडेच असते. म्हणाली, बरणीले कान लावून काऊन बसून राह्यला? भाकर थंडी होऊन राह्यली. सांगितलं, फर्मेंटेशन ऐकतोय. म्हणाली, मी इतकी बोलतो, मले तं कधी कान नाही दिला.
बाईचं बोलणं वेगळं. दुपारी ती देवळात जाते, तेव्हा घरात आवाज म्हणजे या बरणीचाच. तोंड लिंपलेलं असलं की नीट ऐकू येत नाही, म्हणून उघडावी लागते. कारण शास्त्रीय आहे.

२२ मार्च
बुडबुड थांबली. वास झणझणीत. उत्तम लक्षण. आजपासून सक्त बंद.

२३ मार्च
उघडली. परत सुरू झाली का ते पाहिलं. नाही.

३ एप्रिल
गाळलं. गुलाबराव महिनाभर आशेवर होते, त्यांना पेलाभर दिलं. एक डोळा मिटून पेला खाली ठेवला. म्हणाले, चढलं काहीच नाही बे, होतं ते उतरलं. त्यांच्या तोंडून एवढी स्तुती पहिल्यांदाच ऐकली. लेबल चिकटवलं: रुख्मिणी द्राक्षासव.

१४ एप्रिल
प्रदर्शन. परीक्षक वैद्यांनी घोट घेतला आणि विचारलं, बरणी मधे उघडली होती का? म्हणालो, जवळपास नाहीच. त्यांनी बाटली उचलून शेजारच्या टेबलावर नेली. तिथे पाटी होती: महिला विभाग, लोणची व सिरका (व्हिनेगर). लेखी तक्रार करणार होतो. तेवढ्यात लाऊडस्पीकरवर पुकारलं: उत्कृष्ट सिरका, पहिला नंबर, सौ. रुख्मिणीबाई. टाळ्या बराच वेळ वाजल्या. रुख्मिणीबाई कुठे आहेत, वैद्यांनी विचारलं. म्हणालो, त्यांना जमलं नाही. चोळीचा खण आणि नारळ मीच घेतला. तक्रार राहिली.
रात्री घरी आलो. उरलेलं आसव चांगुणाबाईने कांद्यावर ओतून ठेवलं होतं. सांगितलं, बाई, हे औषध आहे. म्हणाली, हाव, खा.
दोनदा वाढून घेतलं.