रिकाम्या पाठीची घोडी

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. लंबू अजून दारांच्या चौकटींवर डोकं आपटतो का, हा तुझा प्रश्नही पोचला. आपटतो. तबेल्याची दारं घोड्यांच्या मापाची असतात असा माझा समज होता, पण दाण्याची खोली बांधणारा गवंडी बुटका असावा.

सध्या सांभाळायला वीस घोडे आहेत. मालक रविवारी येतात, बाकीचे सहा दिवस ते माझे. विसावी गेल्या महिन्यात आली, एक तपकिरी घोडी. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दलालाकडून घेतली. बाईंची पन्नाशी जवळ आली आहे, आणि आता घोड्यावर बसायला शिकायचंच असं त्यांच्या मनाने घेतलं आहे. घोडी अंगाने चांगली, पायाने सरळ, फक्त डाव्या कानाचं टोक तुटलेलं. पण ताई, तिचं एक वागणं मला कळत नाही.

तिला मोकळी फिरवायला नेलं की ती आपणहून चढायच्या पायरीपाशी जाऊन उभी राहते. पाठीवर खोगीर नाही, जवळ माणूस नाही. तिथे जरा वेळ थांबते, पाठ किंचित खाली घेते, आणि मग असं जपून पाऊल टाकते की जणू कुणी बसलंय. रिंगणाच्या वळणावर तर आतल्या बाजूचा तोल सांभाळते. खरं माणूस बसवायला गेलं की मात्र थरथर कापते. आमचे मोतद्दारकाका चाळीस वर्षं घोड्यांना खरारा करताहेत. ते परवा म्हणाले की हिची पाठ रिकामी नाही, आणि तिला एकट्याने फिरवायला त्यांनी चक्क नकार दिला. मी हसलो खरा, पण सकाळी तिच्यामागे चालताना मीही थोडं अंतर ठेवतो.

भाऊजींना नमस्कार. तू कशी आहेस ते या वेळी तरी लिही, नुसती माझी थट्टा करून पान भरू नकोस.

लोभ आहे, तो तसाच राहावा.
तुझा,
लंबू

२४ मार्च

चि. लंबूस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तीनदा लिहायला बसले आणि तीनदा कागद फाडला.

ती घोडी मी ओळखते. डाव्या कानाचं टोक तारेत अडकून तुटलं, त्या दिवशी माझी ठकू जेवली नव्हती. पायरीपाशी थांबायला तिनेच शिकवलं होतं. मी पूर्ण बसेपर्यंत हलायचं नाही, असं ती घोडीला समजावून सांगायची, आणि घोडी ऐकायची. आईचं मात्र दोघीही ऐकत नव्हत्या.

तू तेव्हा परदेशातल्या तबेल्यात होतास. आलास ते थेट स्मशानात, त्यामुळे घोडी तू पाहिलीच नाहीस. जिने माझी सतरा वर्षांची पोर उडवून कुंपणावर टाकली, ती जिवंत राहता कामा नये, असं मी ह्यांना सांगितलं होतं. चार दिवसांनी हे घरी आले आणि काम झालं म्हणाले. मी पुढे काही विचारलं नाही. दोन वर्षं मी असं समजून चालले आहे की ती मेली.

ह्यांना मी अजून काही बोललेले नाही. तू मला एवढंच कळव, की ती डॉक्टरीणबाईंना पाडण्याआधी तू काय करणार आहेस. माझं म्हणणं तुला ठाऊक आहे.

आशीर्वाद आहेतच.
ताई

३० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी सरळ तिच्या ठाणात गेलो आणि बराच वेळ उभा राहिलो. आपली ठकू हिच्या मानेला बिलगत असेल, एवढंच डोक्यात घोळत होतं. ती दाणाचंदी खात होती. मला तिचा राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. मला माफ कर.

मी तिला मारणार नाही, ताई. मारूही देणार नाही. तू मोठी आहेस, तुझा शब्द मी कधी मोडला नाही, पण हा मोडतो.

त्याला कारण आहे. पोटाखालून खोगिराचा पट्टा जातो ना, ज्याला आम्ही तंग म्हणतो, त्याच्या जागी डाव्या बाजूला माझ्या बोटांना एक गाठ लागली. केस बाजूला केले तर जुना, भरून आलेला व्रण. तिथे जखम असताना कुणीतरी तंग आवळला होता. असं झालं की घोडा साध्या चालीत सोसतो, उडी घेताना मात्र कळ असह्य होते आणि तो उसळतो. तो व्रण दोनेक वर्षांचा आहे. मोतद्दारकाकांनीही तेवढाच सांगितला, मी काही न सांगता.

डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांचा जीव आहे, लपवणं बरं नव्हे. त्या म्हणाल्या की दुखऱ्या दाताला हात लावला तर माणूसही चावतं. घोडी परत करायची नाही, आणि घाईही करायची नाही, असं त्यांनी सांगितलं. तेव्हा सध्या खोगीर नुसतं कुंपणावर ठेवतो आणि तिला हुंगू देतो. बाकी काही नाही.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा,
लंबू

९ एप्रिल

चि. लंबूस,
अनेक आशीर्वाद.

मी रागावलेले नाही. जे लिहायचं आहे ते लिहून होईपर्यंत हात थांबू नये म्हणून पहाटेच बसले आहे.

त्या दिवशी उड्यांची स्पर्धा होती. सकाळी बूट घालताना ठकू म्हणाली की घोडी कालपासून तंग आवळू देत नाही, अंग चोरते, आज नाव मागे घेऊ का. मला वाटलं, पोरगी घाबरली. आदल्या वर्षीही तिने असंच ऐनवेळी माघार घेतली होती. मी म्हणाले की दर वेळी घोडीच्या आडून स्वतःची भीती लपवू नकोस, जायचं तर जा, नाहीतर ती घोडी विकून टाकू. ती काही बोलली नाही. बूट घालून गेली.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. पोलिसांना नाही, ह्यांना नाही, तुला नाही. घोडी गेली की हे जाणणारं कुणी उरणार नाही, असं मला वाटत असावं. आता तुझ्या पत्रात त्या व्रणाबद्दल वाचलं आणि कळलं की ती अंगावर घेऊन फिरते आहे.

घरात संध्याकाळी कधीकधी मला बुटांचा आवाज येतो. तुला हसू येईल म्हणून लिहीत नव्हते.

तिला आता तंग लावताना दुखतं का, ते लिही.

तुझी,
ताई

१६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हसू आलं नाही. मीही तिच्यामागे अंतर ठेवून चालतो, हे तुला लिहिलं होतंच.

आता दुखत नाही, फक्त आठवतं. घोड्याच्या बाबतीत आठवणं हेच मोठं दुखणं. म्हणून मऊ लोकरीचा तंग आणला आहे. एक भोक आवळायचा, रिंगणात एक फेरी मारायची, मग दुसरं भोक. बिचकली की पुन्हा पहिल्यावर. सहा दिवस असेच गेले. सातव्या दिवशी तिने मान खाली घातली आणि लांब श्वास सोडला. मोतद्दारकाका लांबून बघत होते. मग त्यांनी खराऱ्याचा ब्रश उचलला आणि ते तिच्या ठाणात गेले.

काल डॉक्टरीणबाई पहिल्यांदा बसायला आल्या. घोडी पायरीपाशी उभी राहिली, पाठ खाली घेतली आणि थांबली. बाई पायरीवर चढल्या, पण त्यांनी पाय टाकला नाही. आधी बसलेलं कुणी उतरेपर्यंत थांबू का, असं त्यांनी मला अगदी साधेपणाने विचारलं. माझ्या तोंडून हो निघून गेलं. आम्ही तिघं थांबलो. मग घोडीने डोकं झटकलं आणि बाई बसल्या. घोडी कापली नाही. दोन फेऱ्या झाल्या, नुसत्या साध्या चालीने.

ताई, तू बोललीस ते खरं, पण घोडीला जखम आहे का हे बघणं त्या तबेल्यातल्या माणसाचं काम होतं. माझंही काम तेच आहे, म्हणून सांगतो. आणि भाऊजींना सांग. पत्रात मला सांगितलंस ते पुरेसं नाही.

तुझाच,
लंबू

२ मे

चि. लंबूस,
अनेक आशीर्वाद.

ह्यांना सांगितलं. रविवारी हे बाल्कनीत कुंड्यांची माती बदलत होते, तिथेच उभ्याने सांगून टाकलं. आधी तुझ्याकडच्या घोडीचं, मग त्या सकाळचं. हातातलं खुरपं खाली न ठेवता हे म्हणाले की मला माहीत आहे.

त्या सकाळी हे दाढी करत होते आणि दार उघडं होतं. ठकूचं ऐकलं, माझंही ऐकलं. बाहेर येऊन तिला थांबवावं असं ह्यांना वाटलं. मग वाटलं, मायलेकींच्या मध्ये कशाला पडा. म्हणून राहिलेला गाल पूर्ण केला आणि तोवर ती जिना उतरली होती. घोडीचा दोष नाही हे ठाऊक असताना ह्यांच्याने तिला मारवेना. आणि का मारवेना हे मला सांगायचं, तर ऐकलं होतं हेही सांगावं लागलं असतं. तेव्हा दलालाला दिली आणि माझ्याशी खोटं बोलले.

दोन वर्षं आम्ही एकाच टेबलावर समोरासमोर जेवलो रे. मूग गिळून. मला वाटे हे माझं एकटीचं, ह्यांना वाटे ह्यांचं एकट्याचं.

आम्ही रडलो नाही. ह्यांनी मला ती सकाळ पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली, आणि मग स्वतः सांगितली. एका ठिकाणी आमचं जुळत नाही. मी म्हणते ती काही न बोलता गेली. हे म्हणतात, जिन्यावरून ती ‘येते’ म्हणाली.

शनिवारी येतो आहोत, दोघंही. घोडीजवळ आधी कुणी जायचं, हे अजून ठरलेलं नाही.

लोभ असू दे, आता आम्हा दोघांवर मिळून.
तुझी,
ताई