कॅमेरा धरणारा पोट्टा

अमरावती, ११ जानेवारी २०२५

ती. ताईस,
पौर्णिमाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तू न जेवता पहिल्याच एस.टी.नं अकोल्याले निघून गेली, तवापासून जुईलीच्या घशाखाली घास उतरून नाही राहिला. म्हणते, मावशीले त्या पिक्चरले मीच नेलं. पोरीले वाटलं, जंगलातल्या राक्षसाचा पिक्चर आहे, मावशी जरा घाबरंल, मग हसंल, मन दुसरीकडं लागंल. तू अर्ध्यातून उठून टॉकीजच्या पायऱ्यांवर रडत बसली, हे तिनं मले काल सांगतलं.

तुरीच्या वावरात काठीनं नाग हाकलणारी माही बहीण पडद्यावरच्या राक्षसाले भ्याली, हे काही मले पटत नाही. काहून गेली मग? आमचं काही चुकलं काय? फोनवर तू 'बरं आहे' म्हणून ठेवून देते, म्हणून हे पत्र. भाऊजींले नमस्कार. रागव पाहिजे तर, पण माया आटू देऊ नको.

तुही,
पौर्णिमा

अकोला, १८ जानेवारी

चि. पौर्णिमास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर मले रडू येते, म्हणून मीही लिहूनच सांगते. राक्षसाले मी भ्याली नाही. तो मले धड दिसलाही नाही. चार पोट्टे जंगलात गेले, परत आले नाहीत, अन् त्यायच्या सापडलेल्या कॅमेऱ्यातलंच आपल्याले दाखवून राहिले, असा तो पिक्चर. एक पोट्टा सारं टिपते. बाकीच्यायचे चेहरे दिसतात, त्याचा नाही. त्याचा नुसता आवाज. सोबती ओरडतात, फेक तो कॅमेरा, पळ. तो फेकत नाही. मग कॅमेरा पाल्यात आडवा पडला अन् त्याचा श्वास तेवढा ऐकू येत राहिला. सारी टॉकीज किंचाळली. मले वाटलं, हा माहा अंकुर आहे.

अंकुर तापानं गेला तवा मी दवाखान्यात त्याचा श्वासच ऐकत बसली होती, तुले माहीत आहे. बारसे, लग्नं, कौंडण्यपूरची जत्रा, घरातलं सारं त्यानंच टिपलं. दोन वर्षं ते व्हिडिओ उघडाची माही हिंमत नव्हती. तुह्याकडून आल्यावर सारे पाहिले. पौर्णिमे, माहा लेक त्यात कुठंच नाही. तू आहे, मी आहे, वरातीतला घोडा आहे. तो नाही.

जुईलीवर राग नाही. तिले एवढं विचार, त्या पोट्ट्याचा कॅमेरा त्याच्या मायले कोणी नेऊन दिला काय? मी शेवट पाहिला नाही.

पोरीले जेवू घाल. आम्हाले आठवत राहा.

मनकर्णा

अमरावती, २४ जानेवारी

ती. मावशीस,
जुईलीचा सा. नमस्कार.

तुझ्यामागे मीही बाहेर आले होते, म्हणून शेवट पाहायला काल एकटी गेले. कॅमेरा जंगलातल्या चौकीदाराला सापडतो. तो बटण दाबतो आणि पडदा काळा होतो. त्या मुलाची आई पिक्चरमध्ये नाहीच, मावशी. आईला कॅमेरा मिळाला, असं मी तुला लिहिणार होते. आई म्हणाली, ताईशी खोटं बोलू नको.

माझ्या मागे बसलेली मुलं हसत होती. मागच्या वेळी मीही हसलेच असते. या वेळी मला फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता. मला माफ कर. काकांना नमस्कार. मला आधीसारखीच जवळ घेत जा.

तुझी,
जुईली

अकोला, २ फेब्रुवारी

चि. जुईलीस,
पोटभर आशीर्वाद.

खरं लिहिलं, बरं केलं. माफी कायची मागते, वेडे?

तुह्या काकायचं सांगते. अंकुर गेल्यापासून त्यायनं पोराचं नावही तोंडातून काढलं नव्हतं. मागच्या आठवड्यात मी चिखलदऱ्याचा व्हिडिओ लावला. अंकुर म्हणून राहिला होता, बाबा, इकडं पाहा न, हसा जरा. आवाज ऐकून हे आंघोळीवरून ओल्या अंगानंच धावत आले. साऱ्या खोलीत पाहिलं. मग माह्या हातातला फोन दिसला.

व्हिडिओत हे त्याले रागवतात, बंद कर ते, म्हणून तोंड फिरवतात. पुरं पाहून झालं तवा म्हणाले, पुन्हा लाव.

आता रोज संध्याकाळी समोर बसतात. अंकुर म्हणते, हसा जरा, अन् हे फोनकडं पाहून हसाले पाहातात. ओठ हलतात, पण हसू काही येत नाही. मग मी पुन्हा लावून देते.

सुट्टीत इकडं ये. आमच्यावर लोभ असू दे.

तुही मावशी,
मनकर्णा