आधी लाल, मग रेघ

१२ जानेवारी

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

पत्र रागात लिहितेय, तेव्हा खुशालीचं शेवटी. दादाचा हात कापतो, कप बशीवर वाजतो, हे मला तुझ्या सूनबाईकडून कळावं? आणि तरी तू त्याला कापडछपाईच्या टेबलाशी उभं करतेस. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली ती काय भिंतीला? ज्याची रेघ जन्मात केसभर हलली नाही, त्याच्या वाकड्या फुलांना गिऱ्हाइकांनी हसायचं? भाच्याला कळवलंय, या महिन्यात कारखान्याला कुलूप लाव. रागावू नकोस, रागावलीस तरी चालेल.

मी बरी आहे. लोभ या पत्राने आटू देऊ नकोस.

तुझी नणंद

२० जानेवारी

चि. वन्सं यांस अनेक आशीर्वाद.

पत्र यांना दाखवलं नाही. पाकिटावरचं अक्षर पाहूनच यांनी ओळखलं, बाईसाहेब तापल्यात.

हात कापतो, खरं आहे. आमची पद्धत तुम्ही लहानपणापासून पाहिलीय: यांनी काळ्या रेघेचा ठसा मारायचा, मी मागून तिच्यात लाल भरायचं. परवा एका चादरीवर रेघ सरकायला लागली. मी लाल ठसा तिच्यामागे सरकवत गेले. यांच्या लक्षात आलंच. अर्ध्यावर ठसा खाली ठेवला, जेवले नाहीत. मला वाटलं, संपलं. हे आता पुन्हा टेबलाशी यायचे नाहीत.

सकाळी म्हणाले, तू आधी टाक, मी मागून येतो. मामंजींनी रेघेच्या आधी कापडाला कुणाला हात लावू दिला नव्हता. मी लाल टाकलं. यांचा हात हवेत कापत होता. लालावर आला आणि कापायचा थांबला. का, ते मला विचारू नका.

तीच चादर पाठवतेय. बघा, मग कुलूप लावायचं तर लावा.

तब्येतीला जपा, माया असू द्या.

तुमची वहिनी

२९ जानेवारी

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

चादर जमिनीवर पसरली आणि भिंग घेऊन गुडघ्यांवर बसले. चुका काढायलाच, खोटं कशाला सांगू. वरच्या भागात काळ्यावर लाल आहे. फुलं कलत गेलीत, आणि दर फुलाशी तू तितकीच कललीयेस. मग एका ओळीपासून लालावर काळं, आणि फुलं पुन्हा ताठ. ती ओळ बोट ठेवून दाखवता येते. उठून उभं राहिलं की सापडत नाही. शाळेत नन्सच्या पट्टीखाली मी सरळ रेघ शिकले, पुढे नोकरीभर दुसऱ्यांच्या नकाशांतल्या रेघा तपासल्या. असं काही पाहिलं नव्हतं. एकही चूक न काढता भिंग ठेवून दिलं. घरात एकटीच होते म्हणून बरं, कुणाचा विश्वास बसला नसता.

भाच्याला फोन केला, कारखान्याला हात लावायचा नाही. त्याने माझ्याच हुकमाची आठवण करून दिली. तो मागे घेतला, आणि सवयीने वर दोन शब्द सुनावले.

पुढच्या आठवड्यात येतेय. दादाला वाटू दे, उपदेश करायला येतेय. त्याची त्याला सवय आहे. मला खुर्ची मांडू नकोस. तुझं लाल पडल्यावर त्याचा हात खाली येतो, ते मला उभ्याने पाहायचंय.

माझ्या जिभेसकट माझ्यावर लोभ असू दे.

तुझी नणंद