दार वाजवून

प्रिय चिमणे,

तुझ्याविरुद्ध माझी गंभीर तक्रार आहे. तू पाठवलेली तीन कॉलेजांची माहितीपत्रकं इतक्या गुळगुळीत कागदावर छापली आहेत की कपाटात अंथरली तर डबे घसरतात आणि डास मारायला गुंडाळली तर आपोआप उलगडतात. असल्या कागदावरच्या मजकुरावर माझा विश्वास बसत नाही.

तुला तुरुंगात नोकरी करायची आहे, हे तुझ्या आईने फोनवर असं सांगितलं, जणू तू कुठे पकडलीच गेली आहेस. "तूच बघ बाबा काय ते," म्हणाली आणि फोन ठेवून दिला. तेव्हाच मला शंका आली. सल्ला द्यायला घरात तुझे बाबा आहेत, झालंच तर फुकट सल्ला देणारा काका आहे. मग मीच का? मी कुलपं विकतो म्हणून?

तरी तिन्ही ठिकाणी जाऊन आलो. पहिल्या कॉलेजात मला व्यायामशाळा दाखवली, दुसऱ्यात कॅमेऱ्यांची खोली. दोन्हीकडे मी एकच विचारलं: कोठडीचं दार उघडण्याआधी ते वाजवायला शिकवता का? पहिल्या ठिकाणचे सर हसले. दुसऱ्या ठिकाणच्या मॅडमनी पाहुण्यांच्या वहीत माझं नाव पुन्हा एकदा नीट वाचून घेतलं. तिसरं कॉलेज फोटोत मोठं दिसतं, प्रत्यक्षात चार खोल्या आणि एक गळका नळ. तिथे शिकवणाऱ्या बाई तुरुंगातून निवृत्त झालेल्या. म्हणजे अधिकारी होत्या. खडू खाली ठेवून म्हणाल्या, "वाजवल्याने कुलूप काही ढिलं होत नाही. आतल्याला शर्टाचं बटण लावायला वेळ मिळतो, एवढंच." मग तितक्याच सहज, "तुम्ही आत किती दिवस होतात?" मी थाप मारायला तोंड उघडलं आणि "अकरा महिने" म्हणालो.

तू तिथेच प्रवेश घे.

मामा लांबच्या कामावर गेलाय, असं तुला सांगितलं होतं. तू सहा वर्षांची होतीस. तेव्हा मी इमारती तपासायचो. एका जिन्याच्या दाखल्यावर जागेवर न जाता, न वाचता सही केली. जिना कोसळला, एका हमालाचा पाय गेला. तेव्हापासून मी साबणाचं वेष्टणही शेवटपर्यंत वाचतो. आत एक शिपाई होता, त्याचे सोबती त्याला येडा म्हणायचे. दार दोनदा वाजवून "येऊ का?" विचारायचा. नको म्हटलं तरी यायचाच, ते सोड. पण विचारायचा.

सगळं वाचतो, म्हणून तिसऱ्या कॉलेजच्या माहितीपत्रकात 'चुकून' राहिलेलं तुझ्या अर्जाचं पानही वाचलं. जवळच्या नातेवाइकाला कधी शिक्षा झाली आहे का? बाकी रकाने भरलेले, हा एकटाच कोरा. खाली बारीक अक्षरात: माहिती लपवल्यास प्रवेश रद्द. तुला कधीपासून ठाऊक आहे, ते मी विचारत नाही. तूही दार वाजवूनच आत आलीस. तुझ्या आईशी मी बोलेन. परत आलो त्या दिवशी तू विचारलं होतंस, "मामा, तिकडून मला काय आणलं?" मी "पुढच्या वेळी" म्हणालो आणि तुझी आई उठून आत गेली. ते देणं राहिलंच होतं. पान सोबत पाठवतो आहे. रकान्यात शाईने लिहिलंय: होय, मामा, अकरा महिने. खाली सही केली आहे. दोनदा वाचून.

तुझाच,
कुलूपवाला मामा