काढून टाकलेल्या बारा ओळी

प्रिय उचापत्या,

हे पत्र सोमवारी सकाळी सहाच्या आत तू वाचलेलं असलं पाहिजे. तीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आताही खुशाली विचारायला लिहीत नाही. सोमवारी तुमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये माल भरायला वीस माणसं आत जाणार आहेत. पाळीप्रमुख म्हणून त्यांच्यापुढे तू असशील. चार किंवा सात नंबरच्या खोलीत थंडाव्याच्या नळ्यांमधला अमोनिया सुटला, तर कंट्रोल रूममधलं पॅनेल तुला ते सांगणार नाही. दिवा हिरवाच राहील. हे मला नक्की माहीत आहे, कारण त्या पॅनेलने कसं ऐकायचं हे मी लिहिलं आहे.

आई बरी आहे. गुडघा दुखतो, पण जिना सोडत नाही. रविवारी तुझा फोन येतो तेव्हा मी नेमकी बाहेर कशी असते, हे तिने आता विचारायचं सोडलं आहे. परवा शेजारच्या काकूंना म्हणाली, दोघं एकाच पोटची, पण बोलायचं झालं तर वकील लागेल. मी भाजी निवडत होते. हसले. ती हसली नाही.

तुला आठवत असेल, तू शिक्षण संपवून घरी बसला होतास आणि मी दोन जुने कॉम्प्युटर आणले होते. एक जेवणाच्या टेबलावर ठेवला, एक तुझ्या खोलीत. प्रोग्रॅमला दुसऱ्या प्रोग्रॅमशी बोलायचं तर आधी सॉकेट, म्हणजे बोलायची जागा, मागायचं, हे मी तुला त्या दिवशी शिकवलं. एकाने पोर्टचा, म्हणजे आपल्या दाराचा, नंबर धरून बसायचं आणि ऐकत राहायचं. दुसऱ्याने पत्ता आणि नंबर घेऊन यायचं. तो विचारतो, येऊ का. हा म्हणतो, ये, माझं ऐकू येतंय ना. तो म्हणतो, येतंय. जोडणी झाली. तुझा पहिला निरोप माझ्या पडद्यावर उमटला, पंखा बंद कर, कागद उडतात. आई दोन्ही खोल्यांच्या मध्ये उभी होती. म्हणाली, एवढं करण्यापेक्षा उठून सांगितलं असतंस तर. तू जेवायलाही उठला नाहीस त्या दिवशी. जोडणी पुन्हा पुन्हा तोडून बघत होतास. नीट बंद केली की पलीकडे कळायचं. मग तू माझ्या कॉम्प्युटरची वायरच उपटलीस आणि तुझ्या पडद्याकडे बघत बसलास. अर्ध्या तासाने येऊन म्हणालास, ताई, तू गेलीस हे त्याला अजून माहीत नाही. मी म्हटलं, नसेलच. जो नुसता ऐकत बसतो त्याला कळत नाही. काही पाठवायला गेला तरच कळतं.

म्हणजे मला माहीत होतं. हे आधी लिहून टाकते.

पुढे तू आमच्याच ऑफिसात आलास आणि हे गॅसच्या इशाऱ्याचं काम आपल्याकडे आलं. प्रत्येक खोलीत एक सेन्सरचा डबा, कंट्रोल रूममध्ये पॅनेल. डब्याने जोडणी करायची आणि गप्प राहायचं, गॅस दिसला तरच बोलायचं. ती कल्पना माझी होती. साहेबांना ती फार आवडली. तू एकटा म्हणालास की गप्प राहणारा आणि मेलेला यांत पॅनेलला फरक करता येणार नाही. मग तू बारा ओळी लिहिल्यास. दर अर्ध्या मिनिटाला पॅनेलने प्रत्येक डब्याला हाक मारायची. दोनदा ओ आली नाही तर दिवा लाल. त्या ओळींना तू नावही हाक असंच दिलं होतंस.

पहिल्या गिऱ्हाइकाकडे आठवड्यात सहा वेळा दिवा लाल झाला. गॅस नव्हता. वायरी जुन्या, दारं लोखंडी, ओ उशिरा यायची. सहा वेळा माणसं बाहेर काढली, मालाच्या खोल्यांची दारं उघडी राहिली, आणि त्यांचा मालक आमच्या साहेबांवर असा ओरडला की शेजारच्या ऑफिसातली माणसं डोकावली. वायरी बदलायला सांगायला हवं होतं. मी त्या गुरुवारी तुझ्या बारा ओळी काढल्या. ओ आली नाही तर काय दाखवायचं, तेही त्याच ओळींत होतं, तेही गेलं. बदलाच्या नोंदीत मी एकच शब्द लिहिला, अनावश्यक. बैठकीत साहेबांनी विचारलं, हा घोळ कोणाचा. मी टेबलावरचं पेन सरळ करत राहिले. तू माझ्याकडे बघितलंस. मग बाहेर, पाण्याच्या टाकीपाशी, तू म्हणालास, “ताई, आता पलीकडचा मेला तरी आपल्याला कळणार नाही.” मी म्हटलं, “मेला तर कोणी ना कोणी सांगेलच.”

घोळ तुझ्या नावावर लागला आणि तू नोकरी सोडून गेलास, त्यानंतर नवीन माहितीपत्रक निघालं. त्यात लिहिलं आहे की प्रत्येक डब्याची सतत विचारपूस होते. ते वाक्य माझं आहे. तुमच्याकडे हेच पॅनेल बसलं तेव्हा तू ते पत्रक दोनदा वाचलंस, असं वहिनीने मला सांगितलं. मग म्हणालास, निदान एवढं तरी केलं तिने.

मागच्या महिन्यात आमचंच पॅनेल असलेल्या दुसऱ्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये एक माणूस गॅसने दगावला. पेट्या मोजायला एकटाच आत गेला होता. त्या खोलीतल्या डब्याचा प्लग रंगाऱ्याने शिडी लावताना काढला होता, तो सात महिने तसाच होता. चौकशीसाठी त्यांनी आम्हाला पॅनेलचा फोटो पाठवला. मी तो मोठा करून पाहिला. सगळे दिवे हिरवे. खाली वेळ आहे, दहा चाळीस. त्या वेळी तो माणूस दारापासून चार पावलांवर पडलेला होता.

मग मी माझ्या टेबलावरून, कोणाला न विचारता, आमच्या प्रत्येक पॅनेलमधून प्रत्येक जोडणीवर एक अक्षर पाठवलं. तू जे दर अर्ध्या मिनिटाला करणार होतास, ते तीन वर्षांत एकदा. जिवंत डब्याची पोच लगेच येते. मेलेल्याकडून लगेच काहीच येत नाही. यंत्र पुन्हा पाठवतं, थांबतं, पुन्हा पाठवतं, दर वेळी जास्त थांबतं. पंधरा-वीस मिनिटांनी सांगतं की पलीकडे कोणी नाही. मी चहा घेऊन बसले होते, तो तसाच राहिला. अकरा ठिकाणची मिळून मेलेल्या डब्यांची नऊ नावं आली. तुमच्याकडची दोन, चार आणि सात. ते मेले कधी, हे सांगता येत नाही. काल असेल, बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी असेल.

साहेबांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. दोन महिन्यांत नवी आवृत्ती देऊ, तोवर गिऱ्हाइकांना लेखी काही पाठवायचं नाही, म्हणाले. आणि वर हेही म्हणाले, “तो भाग मुळात तुझ्या भावाने बिघडवला होता, असं सगळ्यांना माहीत आहे.” सरकारी तपासनिसाच्या ऑफिसात गेले. तिथे अर्ज घेतला, पंधरा दिवसांची तारीख दिली. तुमच्या मॅनेजरला फोन केला. ते सभ्यपणे बोलले. म्हणाले, “बाई, पॅनेल माझ्यासमोर आहे. सगळं हिरवं आहे. तुमचंच पॅनेल आहे, आणि तुम्हीच म्हणता विश्वास ठेवू नका?” मी म्हटलं, सातच्या डब्याची वायर उपटून बघा, दिवा बदलतो का. त्यांनी मला कामाचे दिवस आहेत असं सांगून फोन ठेवला.

मग तुझ्याकडे केला. वहिनीने घेतला. तू समोरच बसला होतास, तिने लपवलं नाही. म्हणाली, ते ऐकतात, पण बोलणार नाहीत म्हणतात. मी तिला सगळं सांगितलं, ती तुला एकेक वाक्य सांगत गेली. मध्येच तिने आपणहून सांगितलं की रजेवर येण्याआधी आठवडाभर सकाळी तुझे डोळे चुरचुरायचे, सातपाशी वास यायचा, तू दोनदा सांगितलंस आणि मॅनेजरने दोन्ही वेळा पॅनेलकडे बोट दाखवलं. फरशी धुण्याच्या औषधाचा वास असेल, म्हणाले. आणि तू मान्य केलंस. तुझं नाक तुला खरं सांगत होतं, आणि तू माझ्या वाक्यावर विश्वास ठेवून त्याला गप्प केलंस. तेवढ्यात फोनमध्ये मागून तुझा आवाज आला. तीन वर्षांनी. वहिनीला म्हणालास, “तिला म्हणावं, लिहून दे.”

मला राग आला, ते लपवत नाही. वाटलं, माझ्याकडून नाक घासून हवंय याला. दोन दिवस तसेच गेले. ते दोन दिवस माझ्या माथी आहेत. आज सकाळी मी वहिनीला पुन्हा फोन करून विचारलं, हे लिहून कशाला हवंय. ती म्हणाली, अहो ताई, तुम्हाला माहीत नाही का. पॅनेल हिरवं असताना पाळीप्रमुखाला मशीन थांबवता येत नाही, माणसांना दाराबाहेर रोखताही येत नाही. पॅनेल बनवणाऱ्यानेच सहीनिशी लिहून दिलं की ते भरवशाचं नाही, तरच येतं. म्हणून सोबत वेगळा कागद आहे. त्यावर चारच वाक्यं आहेत. चार आणि सातचे डबे मेलेले आहेत. पॅनेलला ते कळत नाही. ते कळण्यासाठी लिहिलेल्या ओळी होत्या, त्या लिहिणाऱ्याने विरोध केला असतानाही मी काढल्या. या पॅनेलवर विसंबून कोणालाही आत पाठवू नये. खाली माझं पूर्ण नाव, हुद्दा, तारीख. बदलाच्या त्या गुरुवारच्या नोंदीची प्रत जोडली आहे, माझ्या शब्दासकट. हे लांबलचक पत्र तुझ्यासाठी आहे, ते फाडलंस तरी चालेल. तो कागद मात्र सोमवारी सहा वाजता पाळीच्या रजिस्टरला लाव. टाचणीने नको, डिंकाने चिकटव. टाचणी काढता येते.

तुझीच,
ताई