भरपाईच्या कागदातली ओळ

कांदिवली पूर्व
रविवार, दुपार

प्रिय शकु,

त्या दिवशी पाच पस्तीसला नळाने आधी हवा सोडली, मग करंगळीएवढी धार. मी चहाचं आधण ठेवलं, अस्मिताच्या डब्याला भेंडी चिरली, पिण्याचा हंडा गाळून भरला आणि नेहमीसारखी तुझी चावी खिळ्यावरून काढली. तू पाचच्या बसने बोरिवलीला पोळ्या लाटायला गेली होतीस. घरात तुझा प्रबुद्ध रात्रपाळी करून भिंतीकडे तोंड करून झोपला होता, पायांत मोजे तसेच. मी पाइप तुझ्या निळ्या ड्रममध्ये सोडला. अकरा वर्षं हेच करत आले होते. त्या सकाळबद्दल आपण दोघी आजपर्यंत एक शब्द बोललेलो नाही. दोन वर्षं होत आली, म्हणून तिथूनच सुरुवात केली.

तू नाहूरला बहिणीकडे असतेस, हे आपल्या मजल्यावरच्या वनमालाकडून कळलं. पत्ताही तिनेच दिला. देताना म्हणाली, कशाला गं जखम उकरतेस. मी पत्ता लिहून घेतला. इथलं सांगायचं तर बिल्डिंगला आता दुसरी टाकी बसली, पाणी दीड तास येतं. कोणी भांडत नाही. एवढंच दोन वर्षांपूर्वी झालं असतं तर, असं नळाखाली बसले की रोज मनात येतं. तुझ्या खोलीत भाडेकरू आलेत. त्यांची चावी माझ्याकडे नाही, तरी खिळा मी काढलेला नाही.

अस्मिताचे पप्पा गेल्यानंतरच्या जलदानाच्या दिवशी तू खाली गेटपाशी उभी होतीस, ते मी गॅलरीतून पाहिलं होतं. पांढरी साडी, हातात मेणबत्त्यांचा पुडा. वर यायची तुझी हिंमत झाली नाही आणि खाली यायची माझी झाली नाही. बायका म्हणाल्या, बघा कशी आली, पोराने खून केला आणि ही मेणबत्त्या घेऊन आली. मी ऐकून घेतलं. तो पुडा तू वॉचमनकडे देऊन गेलीस. तो माझ्या कपाटात तसाच आहे.

आता खरी बातमी. तू मला नेहमी हसायचीस ना, की ही रतन पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही. लेकीच्या पुस्तकांवरून अक्षरं शिकलेली बाई मी, दिसेल ते वाचते. तशीच एका खारीच्या पुडीवर बातमी वाचली, की घरातल्या माणसाचा खून झाला तर सरकार कुटुंबाला भरपाई देतं, आणि त्यासाठी कोर्टाच्या आवारात एक ऑफिस असतं. मी शोधत गेले. ह्यांच्या मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, अस्मिताच्या नर्सिंग कॉलेजचं पत्र, सगळं जोडलं. वर्षभर चकरा मारल्या. फॉर्मवर विचारलं होतं, मयताची मासिक कमाई किती, त्यावर अवलंबून किती. माणूस असा दोन रकान्यांत बसतो, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. गेल्या सोमवारी फोन आला की अर्ज मंजूर व्हायच्या टप्प्यावर आहे, एक सही राहिली आहे. मला आनंद झाला, शकु. तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू. कॉलेजची फी दोनदा थकली होती.

तिथे श्वेता मॅडम म्हणून एक वकीलबाई आहेत, अस्मिताहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. त्यांनी कागद पुढे सरकवला. एका ओळीत लिहिलं होतं, घटनेस मयताची किंवा अर्जदाराची कोणतीही कृती कारणीभूत होती काय. पुढे जागा सोडलेली. त्या म्हणाल्या, “मावशी, इथे ‘नाही’ लिहा आणि खाली सही करा.” मी पेन हातात घेतलं आणि सवयीप्रमाणे आधी मागची पानं वाचायला लागले. त्यात माझा पोलिसांकडचा जबाब होता. मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून दिलेला, ते आत शेवटचा श्वास घेत असताना. एरवी औषधाच्या बाटल्या आणि बसच्या पाट्या वाचणाऱ्या बाईने तो एकच कागद न वाचता सही करून दिला होता.

त्यात लिहिलं होतं, आरोपी प्रबुद्ध याने बेकायदा मोटर लावून पाणी खेचले. माझ्या पतीने जाब विचारला असता कोणतेही कारण नसताना त्याने लोखंडी पान्याने त्यांच्या डोक्यात वार केला. खाली माझं नाव, माझ्याच वाकड्या अक्षरांत. मी पुन्हा वाचलं.  श्वेता मॅडमनी पाणी दिलं. ग्लास मी बाजूला ठेवला. हवालदाराने मजल्यावर जे ऐकलं तेच लिहिलं होतं, त्याची चूक नाही. मला त्याने विचारलं होतं, असंच झालं ना, आणि मी मान हलवली होती.

शकु, मोटर मी लावली होती. धार बारीक होती, तुझा ड्रम भरत नव्हता आणि तू दुपारी थकून येणार होतीस. तुझ्या कॉटखाली जुन्या साडीत गुंडाळलेली मोटर काढली, पाइपला जोडली आणि बटण दाबून माझ्या भेंडीकडे पळाले. मोटरी सगळ्यांकडे होत्या, तुला ठाऊक आहे. पण कमिटीने पाण्याचं काम अस्मिताच्या पप्पांवर सोपवलेलं आणि ते पडले नियमाचे. वरच्या मजल्यावर पाणी चढेना म्हणून व्हॉल्व्हचा पाना हातात घेऊन दारोदार कान लावत आले. तुझ्या घरात घरघर ऐकली. झोपलेल्या पोराला कॉलर धरून बाहेर ओढलं. तो डोळे चोळत म्हणाला, “काका, मी नाही लावली.” तेच दोनदा म्हणाला. ह्यांनी सगळ्या मजल्यासमोर त्याच्या थोबाडीत मारली आणि तुझ्यावरून बोलले, तुझ्या आईने चोरीच शिकवली का म्हणून. तेव्हा त्याने पाना हिसकावला. एकच घाव बसला. मी चार पावलांवर उभी होते, हातात भेंडीचं उलथणं. ‘मी लावली’ एवढे दोनच शब्द बोलायचे होते. नवरा चारचौघांत माझ्यावर ओरडेल, याची मला लाज वाटली. त्या लाजेपायी मी गप्प बसले.

प्रबुद्धने घाव घातला, ते मी पुसू शकत नाही आणि पुसणारही नाही. माझा माणूस गेला. रोज संध्याकाळी त्यांच्या चपलांचा आवाज येईल म्हणून अजून कान जातो. पण तुझ्या पोराने चोरी केली नव्हती, आणि कारण नसताना हातही उचलला नव्हता. हे सांगू शकणारं माणूस जगात एकच आहे आणि ते भरपाई मागायला बसलं होतं. सही न करता घरी आले. अस्मिताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मग आता फी कुठून भरायची, तेही लिही त्या कागदावर.” अजून माझ्याशी धड बोलत नाही. जेवायला मात्र शेजारी बसते.

माफी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. माझी तेवढी ऐपत नाही. तुझ्या वकिलाला हे पत्र दाखव आणि प्रबुद्धच्या खटल्याच्या तारखेला मला साक्षीला बोलवायला सांग. मी येईन. सरकारी वकील रागावले आहेत, भरपाई अडकेल म्हणाले, खोटा जबाब दिला म्हणून माझ्यावरही काही येऊ शकतं म्हणाले. येऊ दे. तुला हे दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळू नये, म्हणून घाईने लिहिते आहे. अस्मिताला सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाणी भरलं, तिचा डबा केला आणि साडेदहाला त्या ऑफिसात गेले. सोडलेल्या जागेत ‘होय’ लिहिलं. त्याखाली लिहिलं, मोटर मी लावली होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळा कागद वाचला आणि सही केली.

तुझीच शेजारीण,
रतन