खडकाला चिकटलेली गोगलगाय

ती. आईला खडकावरून नमस्कार.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. ओहोटी लागली की खडकावरच्या गोगलगायी मोजायच्या, एवढंच काम. ही गोगलगाय एकदा चिकटली की जन्मभर तिथेच. नळीसारख्या शंखात बसून चिकट धाग्यांचं जाळं सोडते आणि अडकेल ते ओढून खाते. गोगलगाय नि पोटात पाय!

तुझे गुडघे कसे आहेत? शेजारचे काका अजून दिवसभर आपल्याच दारात बसतात का? तुझी पत्रं तेच लिहितात, तेच वाचतात, म्हणून विचारते.

मागच्या पत्रात तू विचारलंस, घराचे कागद कुठे आहेत. अगं, निघताना तूच ते माझ्या बॅगेत घातलेस ना?

काका, ही ओळही तिला मोठ्याने वाचून दाखवा.

तुझीच,
धाकटी